प्रसूतीनंतरचा लघवीचा त्रास : शस्त्रक्रियेचा निर्णय आणि नंतरची काळजी



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, गुरांचे रोग आणि घरातले साधे दुखणे यांविषयी बोलतो. आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो चारचौघांत निघत नाही. गाय व्याल्यावर तिचे अंग बाहेर आले तर आपण रात्री बारा वाजता गुरांच्या डॉक्टरला उठवतो. तीच व्यथा घरातल्या बाईला झाली तर ती वर्षानुवर्षे पदराआड राहते. सासूला ठाऊक नसते, नवऱ्याला अर्धवट ठाऊक असते, आणि देवळात तर कोणालाच ठाऊक नसते.

आम्हांस हे उशिरा कळले, ते आधी कबूल करतो. आमच्या धर्मग्रामातील एक माता रविवारच्या मिस्सेला नेहमी दाराशी उभी राहत असे. बाक रिकामे असले तरी आत येत नसे, आणि मिस्सा संपण्यापूर्वी निघून जात असे. एका रविवारी प्रवचनात आम्ही दाराशी उभे राहणाऱ्यांना चार शब्द सुनावले. त्यानंतर ती दोन महिने आलीच नाही. पुढे तिने दवाखान्यातील सिस्टरना सांगितले, आणि तिच्या परवानगीने सिस्टरनी आम्हांला. तिसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे नऊ वर्षे, खोकले, शिंकले, गुडघे टेकून उठले की तिची लघवी निघून जात असे. बाक ओला होईल, वास येईल, या भीतीने ती दाराशी थांबत असे. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. हा लेख तिच्या संमतीने लिहीत आहोत. तिने घातलेली अट एकच, नाव आणि गाव सांगायचे नाही.

आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टर व सिस्टर यांच्याकडून जे समजून घेतले ते सोप्या शब्दांत मांडत आहोत. हे वाचून कोणी आपल्या मनाने उपचार करू नयेत; हे वाचून डॉक्टरकडे जाण्याचे धैर्य यावे, एवढाच हेतू आहे.

त्रास कशामुळे होतो

कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. बाळ जन्मताना ही झोळी ताणली जाते. बाळ मोठे असले, कळा फार वेळ चालल्या, चिमटा लावावा लागला किंवा बाळंतपणे पुष्कळ झाली तर ती सैल पडते, कधी फाटते. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत डोक्यावर हंडा आणि पाठीवर चाऱ्याचा भारा घेतला की सैल झोळीवर आणखी ओझे पडते. चुलीच्या धुराने होणारा जुनाट खोकला आणि कायमचा बद्धकोष्ठ हेही तेच काम करतात. पाळी थांबल्यावर स्नायू अधिक अशक्त होतात, म्हणून तरुणपणी झालेली इजा कधी पन्नाशीत दिसू लागते.

या त्रासाचे मुख्य प्रकार चार. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने ते ओळखले पाहिजेत.

१. खोकताना, हसताना, वजन उचलताना थोडी लघवी गळणे. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

२. एकदम जोराची लागणे आणि संडासापर्यंत पोहोचण्यापूर्वी निघून जाणे. यावर बहुधा औषध व सवयी यांनी उपाय होतो, शस्त्रक्रियेने नव्हे. लघवीतील जंतू किंवा मधुमेह हेही त्यामागे असू शकतात.

३. अंग बाहेर येणे. योनिमार्गातून गोळा उतरल्यासारखा वाटतो, संध्याकाळी काम करून थकल्यावर अधिक. लघवी पूर्ण होत नाही. कधी बोटाने गोळा वर ढकलावा तेव्हाच होते. लघवीची पिशवी किंवा गर्भाशय खाली सरकल्याचे हे लक्षण आहे.

४. रात्रंदिवस सतत गळणे, झोपेतसुद्धा. बाई अडली आणि बाळाचे डोके तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस एकाच जागी दाबून राहिले, की मधल्या मांसाचा रक्तपुरवठा बंद पडतो. ते मांस मरते आणि काही दिवसांनी गळून पडते. मग लघवीची पिशवी व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र राहते. डॉक्टर याला फिश्चुला म्हणतात. पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत इजा झाल्यामुळेही असे छिद्र पडू शकते.

चौथ्या प्रकाराविषयी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत किंवा आठवड्यांत लघवी सतत गळू लागली तर 'बाळंतीण आहे, सावरेल' असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्या. छिद्र लहान आणि ताजे असेल तर चार ते सहा आठवडे लघवीची नळी ठेवल्याने काही वेळा ते आपोआप भरून येते, आणि शस्त्रक्रियाच टळते.

ही लाज किती जुनी आहे

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगापैकी काही ना काही आढळले. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत फक्त ८ होत्या. आपल्या माळव्यातील गावे त्या गावांहून फार निराळी आहेत असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरात 'कोणालाच त्रास नाही' असे वाटत असेल, तर कदाचित कोणी विचारलेलेच नाही.

फिश्चुलाचा इतिहास त्याहून कठोर आहे. अमेरिकेत डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात ही शस्त्रक्रिया शोधली ती गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. अनार्का नावाच्या स्त्रीवर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. तिच्या वेदनांतून आलेले ज्ञान आज जगभरच्या बायांना बरे करीत आहे, म्हणून तिचे नाव विसरू नये. इथिओपियात डॉ. कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे पती यांनी १९७४ मध्ये केवळ याच दुखण्यासाठी इस्पितळ उघडले. या बाई २०२० मध्ये निवर्तल्या. फिश्चुला निर्मूलनाचा जागतिक दिवस २०१३ पासून दर वर्षी २३ मे रोजी पाळला जातो.

प्रथम शस्त्रक्रियेविना

पहिल्या तीन प्रकारांत घाईने शस्त्रक्रियेकडे जाऊ नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ स्त्रियांचा त्रास आपोआप कमी होतो. पुढील उपाय आधी करून पाहावेत.

स्नायूंचा व्यायाम. हा अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी रोखून धरतो तसे आतले स्नायू आवळावेत. पाच आकडे मोजेपर्यंत धरावे, तेवढाच वेळ सोडावे. श्वास रोखू नये. पोट, मांड्या आवळू नयेत. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. वेळ लक्षात राहत नसेल तर सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या आंजेलस प्रार्थनेनंतर करावा. बसून, उभे राहून कसाही करता येतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. लघवी करता करता मध्येच धार रोखून हा व्यायाम करीत राहू नये.

रिंग. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर योनिमार्गात रबरासारखी रिंग बसवतात. ती गोळा वर धरून ठेवते. पुढे मूल हवे असेल, वय फार असेल किंवा भूल सोसणार नसेल अशांना ही फार उपयोगी. ठरल्या वेळी ती काढून धुवावी लागते. विसरून वर्षानुवर्षे ठेवल्यास आत जखम होते.

सवयी. बद्धकोष्ठ आणि खोकला यांवर उपचार घ्यावेत. वजन फार असेल तर कमी करावे. तंबाखू, मिसरी सोडावी. पुष्कळ बाया लघवीच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते. पाणी तोडू नये, चहा कमी करावा.

आमच्या त्या मातेने तीन महिने व्यायाम केला. त्रास निम्म्यावर आला, पण गव्हाची पाटी उचलली की पुन्हा तेच. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला.

निर्णय कसा घ्यावा

शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी? ज्या बाईचे रोजचे जगणे या त्रासाने अडले आहे, जिने बाकी उपाय मनापासून केले आहेत आणि जिला आता मूल नको आहे, तिने. मूल हवे असल्यास बहुधा थांबावे, कारण पुढच्या बाळंतपणात केलेली दुरुस्ती पुन्हा सैल पडते. फिश्चुलाला मात्र हा नियम लागू नाही. भरून न आलेल्या छिद्राला शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, मग बाईचे वय कितीही असो.

आधी तपासण्या होतात : लघवीची व साखरेची तपासणी, लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते ते पाहण्यासाठी सोनोग्राफी, आणि खोकायला सांगून केलेली साधी तपासणी. फिश्चुलाची शंका असेल तर पिशवीत निळे औषध सोडून ते कोठून गळते ते पाहतात. या तपासण्यांविना कोणी थेट तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

शस्त्रक्रिया एकच नसते. पिशवी खाली सरकली असेल तर योनिमार्गाची पुढची भिंत शिवून घट्ट करतात. खोकताना गळत असेल तर मूत्रनळीखाली बारीक पट्टी बसवतात किंवा टाक्यांनी आधार देतात. गर्भाशय फार खाली आले असेल तर ते योनिमार्गातून काढतात, किंवा न काढता वर बांधून ठेवतात. वर बांधण्याच्या कामात आपल्या मराठी डॉक्टरांनी जगाला वाट दाखविली आहे. गोव्यातील शिरोडा गावी १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत हे काम केले. गर्भपात टाळण्यासाठी त्यांनी शोधलेला 'शिरोडकर टाका' जगभर प्रसिद्ध आहे. त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशय फितीने पाठीच्या तळच्या हाडाला बांधतात. मुंबईच्याच पुरंदरे घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत गर्भाशयाचे तोंड पोटाच्या भिंतीला आधारून धरते. ज्या तरुण स्त्रीचे अंग बाहेर येते पण जिला गर्भाशय राखायचे आहे, तिच्यासाठी या पद्धती निघाल्या. तेव्हा 'पिशवी काढणे हाच एक मार्ग' असे कोणी सांगितले तर विचारा : बांधून ठेवता येईल का?

येथे सावध करणे आमचे कर्तव्य आहे. केवळ गर्भाशय काढल्याने लघवी गळणे थांबत नाही. अंडाशयही काढले तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होतात. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या पुष्कळ तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या अमलात आणण्यास सांगितले. भीती दाखवून, 'कॅन्सर होईल' असे म्हणून कोणी घाई करीत असेल तर सही करू नका.

जाळीविषयीही विचारा. मूत्रनळीखालची बारीक पट्टी वेगळी आणि अंग वर धरण्यासाठी योनिमार्गातून बसवलेली मोठी जाळी वेगळी. मोठ्या जाळीमुळे काही स्त्रियांना दुखणे व जखमा झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्री थांबवायला लावली.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. लाजेने विसरायला होते.

– माझ्या दुखण्याचे नाव काय? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल?
– कोणती शस्त्रक्रिया करणार? गर्भाशय, अंडाशय काढणार का? का?
– जाळी किंवा पट्टी बसवणार का?
– ही शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का?
– नळी किती दिवस? इस्पितळात किती दिवस? खर्च किती?
– त्रास पुन्हा उद्भवण्याचा संभव किती?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'अजिबात नाही' असे आले तर जपून असावे. काही स्त्रियांत काही वर्षांनी गोळा पुन्हा उतरतो. कधी गोळा बरा होतो पण तोवर झाकलेले गळणे उघड होते. हे आधी ठाऊक असले की मागाहून मन खचत नाही.

विवेकबुद्धीचा प्रश्न

काही माता आम्हांस हळूच विचारतात : फादर, गर्भाशय काढणे पाप तर नाही? उत्तर स्पष्ट आहे. रोगावर उपचार म्हणून ते आवश्यक असेल तर पाप नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या 'हुमाने विते' या विश्वपत्रातच सांगितले आहे की शरीराची व्याधी बरी करण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचारांना ख्रिस्तसभा मनाई करीत नाही. त्यामुळे मूल होणे थांबणार असले तरी तेच उद्दिष्ट नसावे. तेव्हा मनावर ओझे ठेवू नका, शंका असल्यास येऊन बोला.

दुसरी गोष्ट : मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार घेता येतो, आणि घ्यावा. हा संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी आहे ही समजूत चुकीची आहे. इस्पितळात जाण्याआधीच्या रविवारी सांगा. कारण कोणालाही सांगितले जाणार नाही.

हंगाम पाहून तारीख घ्या

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने जड काम नाही, हे शेतकऱ्याच्या घरी कसे जमावे? आधी ठरवले तर जमते. आपल्याकडे गहू-चणा मार्च-एप्रिलात निघतो. सोयाबीनची पेरणी जूनअखेर ते जुलैत आणि निंदणी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. ईस्टरनंतर, गहू घरात आल्यावर एप्रिलच्या मध्यास शस्त्रक्रिया झाली तर जुलैच्या मध्यापर्यंत तीन महिने मिळतात. उन्हाळ्यात सावली आणि पाणी यांची मात्र काळजी हवी, आणि लग्नसराईत 'आता बरी आहेस ना' म्हणून कोणी पोळ्या लाटायला बसवू नये.

दुसरी संधी गव्हाची पेरणी उरकल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीस. मार्चच्या कापणीपर्यंत तीन महिने होतात. थंडीत जखमेला आणि जिवाला आराम असतो. त्या वर्षीच्या नाताळच्या करंज्या जावांनी कराव्यात. सोयाबीनची काढणी डोळ्यांपुढे असताना सप्टेंबरात तारीख घेऊ नये; घर तिला काम सांगेल, किंवा तीच न सांगता उठेल.

फिश्चुला, लघवी बंद होणे, ताप आणि रक्तस्राव यांना हंगाम नसतो. तेथे पीक सोडून जावे.

पैशाची सोय

आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळातील उपचार मिळतात. कार्ड आधी काढून ठेवावे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते ते तेथील आयुष्मान खिडकीवर तारखेआधी विचारावे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे महाराजा यशवंतराव रुग्णालय सरकारी आहे. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी मोठे वैद्यकीय महाविद्यालयच योग्य, कारण तेथे स्त्रीरोग आणि मूत्ररोग या दोन्ही शाखांचे डॉक्टर असतात.

कर्ज घ्यावे लागलेच तर सावकाराच्या दारी जाऊ नये. आपल्या धर्मप्रांतातील धन्य सिस्टर राणी मरिया यांनी उदयनगर भागातील गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी काम केले. त्यासाठी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी येथेच इंदुरात त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांचे चित्र घरात लावून पुन्हा त्याच दारी जाणे बरे नव्हे. बचत गटात आधी विचारा, आमच्याकडे या.

शस्त्रक्रियेनंतर

बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया होते. दुसऱ्या दिवशी उठवून चालायला लावतात. हा निर्दयपणा नव्हे; पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

नळी. साध्या दुरुस्तीत एक-दोन दिवस, फिश्चुलाच्या शस्त्रक्रियेत साधारण ७ ते १४ दिवस, कधी त्याहून अधिक. या काळात घरच्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी : लघवी पिशवीत उतरते आहे ना? नळी वळली, अंगाखाली दबली किंवा तुंबली तर पिशवी फुगून टाके तुटू शकतात. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. उतरणे थांबल्यास ताबडतोब नर्सला बोलवावे.

नळी काढल्यावर पहिल्या दिवशी लघवी न होणे किंवा थोडी होणे असे घडते. काही बायांना पुन्हा एक-दोन आठवडे नळी ठेवावी लागते. याने घाबरू नये.

वजन. पहिले सहा आठवडे पाच किलोंपेक्षा अधिक काही उचलू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवा. भरलेली बादली, हंडा, चाऱ्याचा भारा, गॅसची टाकी, दोन वर्षांचे मूल, हे सर्व वर्ज्य. मूल रडत आले तर आईने खाली बसावे आणि मूल मांडीवर यावे. शेतातील जड काम तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी पाहिल्यावर.

शौच. कुंथणे हा टाक्यांचा शत्रू. पाणी, पालेभाजी, फळे घ्यावीत; आणि आपल्या माळव्यातच मंदसौर-नीमचकडे पिकणारा इसबगोल डॉक्टरांना विचारून रात्री घ्यावा. सहा आठवडे उकिडवे बसणे टाळण्यासाठी भोक पाडलेली खुर्ची किंवा कमोड स्टूल आणावे. भांडी-धुणे उकिडवे बसून करू नये.

पतिपत्नीसंबंध. साध्या दुरुस्तीनंतर निदान सहा आठवडे आणि फिश्चुलानंतर तीन महिने दूर राहावे. डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत हा नियम पतीने पाळावयाचा आहे. पत्नीने त्याकरिता भांडावे लागू नये.

पिवळसर स्राव काही आठवडे येतो, आतले टाके विरघळून पडतात, दुपारी थकवा येतो. हे अपेक्षित आहे. पण पुढीलपैकी काही झाल्यास त्याच दिवशी इस्पितळात जावे : थंडी-ताप; फार रक्त जाणे; दुर्गंधीचा स्राव; लघवी बंद होणे किंवा सतत गळू लागणे; एका पायाला सूज व दुखणे; छातीत दुखणे, दम लागणे.

बरे वाटू लागल्यावरही स्नायूंचा व्यायाम डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावा आणि कायम ठेवावा. फिश्चुला बरा झालेल्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले तर पहिल्या महिन्यापासून इस्पितळात दाखवावे. तिचे बाळंतपण घरी होऊ नये, बहुधा सिझेरियन करावे लागते.

पुरुषांना चार शब्द

बंधूंनो, तुमच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली तर तुम्ही त्याला जुंपत नाही. बाईच्या आतल्या जखमेवर पट्टी दिसत नाही, एवढाच फरक. तीन महिने पाणी तुम्ही भरा, गुरे तुम्ही पाहा, दूध मुलगा काढेल. तिला वास येतो म्हणून खाट वेगळी करणाऱ्या पुरुषांविषयी आम्ही ऐकले आहे. तिला हे दुखणे तुमचेच मूल जन्माला घालताना लागले, हे विसरू नका. तपासणीला तिच्याबरोबर जा आणि डॉक्टर सांगतील ते स्वतः ऐका.

सासूबाईंनो, तुम्हीही कदाचित हे सोसले असेल. 'आम्ही नाही का काढले दिवस' असे म्हणण्याऐवजी सुनेला सांगा, 'मी काढले, तू काढू नकोस.' बाळंतिणीला सहा आठवडे हंडा उचलू न देणे, कळा लांबल्या की रात्रीच गाडी जोडणे, आणि बाळंतपण इस्पितळात करणे, यांनी यातले पुष्कळसे दुखणे मुळातच टळते.

शेवटी

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली एक स्त्री आहे. वैद्यांपायी तिचे सर्व द्रव्य संपले होते. ती गर्दीतून मागून आली आणि प्रभूच्या वस्त्राला शिवली. कोणाला कळू नये अशी तिची इच्छा होती. प्रभू येशू थांबला. त्याने तिला पुढे बोलावले, तिचे सगळे ऐकून घेतले आणि सर्वांसमक्ष तिला मुलगी म्हटले. प्रभू जेथे थांबला तेथे आम्ही प्रवचनात रागावलो, ही खंत आम्हांस राहील.

त्या मातेची शस्त्रक्रिया गहू निघाल्यावर झाली. दिरांनी पाणी भरले. दहाव्या दिवशी ताप आला, पुन्हा इस्पितळात जावे लागले, औषधाने तो उतरला. आजही पडसे झाले आणि जोराचा खोकला आला तर थोडे ओले होते, असे ती सांगते. पण ती आता दाराशी उभी राहत नाही. तिसऱ्या बाकावर बसते, आणि शेवटचे गीत संपेपर्यंत बसते.

घरी बोलावे

१. आपल्या घरातील कोणा स्त्रीने पाणी पिणे, प्रवास करणे किंवा मिस्सेला येणे कमी केले आहे का? कारण कोणी विचारले आहे का?

२. गेल्या बाळंतपणानंतर तिला किती दिवस विश्रांती मिळाली?

३. तिच्यावर शस्त्रक्रिया ठरली तर तीन महिने पाणी, गुरे आणि स्वयंपाक कोण पाहील? नावे ठरवा.

ज्या मातांना प्रथम स्त्रीशीच बोलावयाचे असेल त्यांनी दवाखान्यातील सिस्टरना भेटावे. फादरना सांगण्याची सक्ती नाही.